आयर्लंडमधील भग्न गढ्या

आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, शॅनन नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जेथे विस्तीर्ण खाडीचे रूप धारण करते, तेथे केरी परगण्याच्या काठाशी कॅरिग नावाचे एक लहानसे बेट आहे, आणि ते बेट व मुख्य भूमी यांच्यामधील अरुंद पाण्यात कॅरिगाफॉइलची गढी उभी आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ओकॉनर केरी या गेलिक, म्हणजे मूळच्या आयरिश, सरदारघराण्याने बांधलेली ही वास्तू सुमारे ८६ फूट उंच असून, तिच्या भिंतींत पातळ थरांच्या चुनखडकाच्या चिपा इतक्या नेटकेपणाने बसविल्या आहेत की पाच शतके खारा वारा खाऊनही त्यांच्या आडव्या ओळी अद्याप ढळलेल्या नाहीत. १५८० साली इंग्रजी तोफांच्या माऱ्याने तिची एक बाजू ढासळली, ती पुन्हा कोणी बांधली नाही. आणि त्यामुळे एखाद्या वास्तुविशारदाने कागदावर इमारतीचा उभा छेद काढून दाखवावा, त्याप्रमाणे तिचे पाचही मजले, त्यांना तोलणाऱ्या कमानी, भिंतीच्या पोटातून वर जाणारा जिना आणि खिडक्यांचे कोनाडे हे सारे उघड्यावर आले आहे. ज्या आघाताने तिचा अंत झाला, त्याच आघाताने ती अभ्यासकाला वाचता येण्याजोगी झाली.

अशा गढ्या आयर्लंडात थोड्याथोडक्या नाहीत. स्थूलमानाने १४०० ते १६५० या अडीच शतकांच्या अवधीत त्या देशात सुमारे तीन हजार गढ्या उभ्या राहिल्या असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि लिमरिक, क्लेअर, गॉलवे, टिपररी, कॉर्क व किल्केनी या परगण्यांत त्यांची दाटी इतकी आहे की एका गढीच्या माथ्यावरून दुसरी दृष्टीस पडावी. या गढ्या राजाने बांधलेल्या नव्हत्या. राजसत्तेचे ठाणे म्हणून त्यांची योजना झालेली नव्हती. मॅकनमारा, ओब्रायन, ओफ्लाहर्टी यांसारखी गेलिक घराणी आणि बर्क, बटलर, फिट्झजेरल्ड यांसारखी बाराव्या शतकात शस्त्रबळाने येऊन पुढे याच मातीत रुजलेली नॉर्मन वंशाची घराणी, या दोहोंनी त्या सारख्याच उत्साहाने बांधल्या, आणि त्यांचे अनुकरण धर्मपीठांच्या अधिपतींनी व बंदरांतील व्यापाऱ्यांनीही केले. गॉलवे शहरातील लिंच घराण्याची गढी आज एका बँकेची कचेरी म्हणून वापरात आहे. भाषा, कायदा आणि वंशाभिमान या तिन्ही बाबतींत एकमेकांशी हाडवैर सांगणाऱ्या समाजांनी राहण्यासाठी मात्र एकाच घाटाचे घर पसंत करावे, ही गोष्ट मला त्या काळाच्या कोणत्याही राजकीय वृत्तान्तापेक्षा अधिक बोलकी वाटते.

या घाटाचा उगम कोठे झाला, याविषयी दीर्घकाळ एक मत रूढ होते. १४२९ साली सहाव्या हेन्रीच्या नावाने एक कायदा झाला आणि त्यान्वये डब्लिन, मीथ, किल्डेअर व लाउथ या चार परगण्यांत, म्हणजे इंग्रजी अंमल ज्या चिंचोळ्या टापूत खऱ्या अर्थाने चालत होता त्या टापूत, दहा वर्षांच्या आत जो कोणी गढी बांधील त्याला दहा पौंड अनुदान देण्याचे ठरले. मात्र गढी किमान २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि ४० फूट उंच असली पाहिजे अशी अट होती. आयर्लंडच्या राष्ट्रीय स्मारकांचे निरीक्षक आणि तेथील गढ्यांच्या अभ्यासाचा पाया घालणारे हॅरोल्ड लीस्क यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या कायद्याला मोठे महत्त्व दिले, आणि पुढे पुष्कळ वर्षे सरकारी अनुदानातून एक वास्तुप्रकार जन्मास आला असेच सांगितले जात असे. परंतु डाउन परगण्यातील किलक्लीफची गढी या समजुतीच्या आड येते. डाउनचा बिशप जॉन सेली याने आपल्या कारकिर्दीत, म्हणजे १४१३ ते १४४१ च्या दरम्यान, ती बांधली. एका विवाहित स्त्रीला घेऊन तो तेथे राहत असे आणि याच प्रकरणापायी पुढे त्याचे पद गेले, म्हणून गढीचा काळ इतक्या खात्रीने सांगता येतो. दोन पुढे आलेले बुरूज आणि त्यांना माथ्यावर जोडणारी उंच कमान अशी तिची रचना इतकी परिपक्व आहे की हा घाट कोणी नुकताच कल्पिला असेल असे मानणे कठीण जाते. सरकार ज्याला पैसे देते ती गोष्ट लोकांत बहुधा आधीच सुरू झालेली असते. १४२९ च्या कायद्याकडेही मी याच दृष्टीने पाहतो.

आता ही गढी बांधली कशी जात असे ते पाहू, कारण तिचे खरे वैभव तिच्या बांधणीत आहे. मध्य व पश्चिम आयर्लंडात चुनखडक विपुल असल्याने भिंतीचा दगड आणि भट्टीचा चुना हे दोन्ही जागेवरच मिळत. पायाशी भिंत बाहेर उतरती ठेवीत, त्यामुळे इमारतीला बैठक येई आणि वरून टाकलेला धोंडा त्या उतारावर आपटून समोरच्यावर उसळे. दारे, खिडक्या आणि चारही कोपरे यांचे दगड तेवढे पाथरवटाकडून घडवून घेत, बाकी भिंत अनघड दगडांची असे. भिंती चढत त्या वेळी परांचीचे वासे ज्या भोकांत खोवले, ती भोके पुष्कळ गढ्यांवर अजून मोजता येतात. खालच्या एकदोन मजल्यांवर आणि पुष्कळदा मध्यावरही दगडी कमानीचे छत घालीत, आणि या कमानीच्या कामात आयरिश गवंड्याची एक स्वतंत्र रीत होती. लाकडाचा ढोला उभा केल्यावर त्याच्यावर फळ्या न ठोकता तो विलो किंवा हेझलच्या लवचिक फांद्यांच्या विणलेल्या तट्ट्यांनी आच्छादीत, त्यावर चुना जाड थापीत आणि त्या चुन्यात कमानीचे दगड बसवीत. चुना धरला की ढोला उतरवीत; तट्ट्याही बहुधा निघून येत, पण त्यांच्या विणीचा छाप, फांदीमागून फांदी, डोळ्यांसहित, ओल्या चुन्यात उठून कायमचा राहून जाई. आज अशा एखाद्या भग्न गढीत शिरून छताकडे मान वर केली, तर एखाद्या अनाम कारागिराने पाच शतकांपूर्वी कोणती फांदी कोणत्या फांदीखालून काढली, हे स्पष्ट दिसते. राजांच्या मोहोरा आणि सरदारांची कुलचिन्हे मी श्रद्धेने पाहिली नाहीत असे नाही, परंतु या विणीइतकी माणसाच्या हाताची साक्ष मला दुसऱ्या कशात आढळली नाही.

प्रवेशाचा मार्ग एकच असे. टोकदार कमानीचे ते दार एका वेळी एकच मनुष्य आत जाईल इतके अरुंद, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला पुष्कळदा लोखंडी जाळीचे दुसरे कवाड असे. या जाळीची साखळी दाराच्या बाजूच्या दगडातील भोकातून आत घेऊन ओढून धरीत, आणि ते साखळीचे भोक घासून गुळगुळीत झालेले आजही दिसते. दारातून आत आलेला पाहुणा किंवा शत्रू एका लहानशा देवडीत अडके: एका हाताला पहारेकऱ्याची खोली, दुसऱ्या हाताला चक्राकार जिना, समोर तळघराचे दार, आणि डोक्यावर छतात एक चौकोनी भोक, ज्यातून वरच्या मजल्यावरील माणसाला खालच्या माणसाशी बोलताही येई आणि त्याचा जीवही घेता येई. याखेरीज बाहेरून, थेट दाराच्या वर, माथ्यापाशी एक दगडी सज्जा पुढे काढलेला असे, ज्याचा तळ उघडा ठेवलेला असे. तटाच्या माथ्यावरील चर्या आयर्लंडात पायऱ्यापायऱ्यांच्या आकाराच्या करीत, आणि त्यांच्या आतून फांजीवरून पहारा फिरे.

परंतु येथवरच थांबून जो ही इमारत केवळ संरक्षणाची म्हणून सांगतो, त्याने जिना चढून पाहिलेला नाही असे मी म्हणेन. तळमजला अंधारा, जंग्यांखेरीज उजेड नसलेला, धान्य व पिंपे ठेवण्यापुरता असतो. पण जसजसे वर जावे तसतशा खिडक्या रुंदावत जातात, जोडखिडक्या येतात, त्यांच्या माथ्याला दुहेरी वक्रतेच्या नाजूक कमानी येतात, कोनाड्यांत समोरासमोर दोन माणसांना बसता येईल अशी दगडी आसने येतात, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर घराचे मुख्य दालन लागते. जिन्याच्या बाजूच्या अरुंद भागात मजल्यागणिक निजण्याच्या लहान खोल्या असत. भिंतीच्या जाडीतच शौचकूप असे आणि त्याची मोरी पायथ्याशी बाहेर पडे. लिमरिकला न्यायाधीश म्हणून काम केलेल्या ल्यूक गर्नन नावाच्या इंग्रजाने १६२० च्या सुमारास अशा एका घरचे आदरातिथ्य वर्णन केले आहे: घराची मालकीण आपल्या परिवारासह सामोरी येते, निरनिराळी मद्ये पुढे केली जातात, अग्नी दालनाच्या मध्यभागी पेटवलेला असतो, जेवणाच्या वेळी वीणावादक वाद्य छेडतो, आणि ते दालन सर्वांत वरच्या मजल्यावर असते, हे गर्नन मुद्दाम नमूद करतो. दगडी कमानीवर उघडा विस्तव पेटवता येतो, लाकडी तक्तपोशीवर येत नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे कमान आणि दालन यांचा संबंध उलगडतो. पाहुण्याला तळघराच्या अंधारातून, डोक्यावरच्या भोकाखालून, अरुंद जिन्याने फिरवीत फिरवीत उजेडाच्या आणि विस्तवाच्या ठिकाणी आणून सोडणे, यात घरधन्याचा दरारा आणि त्याची उदारता या दोहोंचे प्रदर्शन एकाच वेळी होई.

गढी एकटी नसे, हेही सांगितले पाहिजे. तिच्याभोवती दगडी आवार असे, त्यात रात्री गुरे कोंडीत, आणि आवारात कुडाच्या भिंतींच्या व गवती छपराच्या इमारती असत, त्यांचा आता मागमूसही उरलेला नाही. डब्लिनचा रिचर्ड स्टॅनिहर्स्ट १५८४ साली छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात लिहितो की सरदार मेजवान्या करीत त्या गढीलगतच्या मातीच्या व गवताने शाकारलेल्या मोठ्या दालनांत, परंतु झोपावयास मात्र गढीत जात, कारण शत्रू रात्री छपराला चूड लावील ही धास्ती असे. यावरून भय कोणाचे होते ते कळते. गेलिक समाजात सरदारकी ज्येष्ठ पुत्राकडेच जाईल असा नियम नव्हता. घराण्यातील कोणत्याही समर्थ पुरुषाला तिच्यावर हक्क सांगता येई, आणि शेजारच्या टापूतील गुरे हाकून आणणे हे तर तरुण सरदाराने आपली योग्यता सिद्ध करण्याचे मान्य साधन होते. रात्री येणारा चुलतभाऊ आणि पहाटे येणारा शेजारी, यांच्यासाठी ही जाड भिंत पुरेशी होती. तोफखान्यासह येणाऱ्या राजाच्या फौजेसाठी ती कधीच नव्हती. १४८८ मध्ये किल्डेअरच्या अर्लने वेस्टमीथमधील बॅलराथची गढी तोफांनी पाडली, तेव्हाच या गोष्टीचा प्रत्यय आला होता; तरी त्यानंतर दीडशे वर्षे गढ्या बांधल्या जातच राहिल्या. बांधणाऱ्यांना तोफेची वार्ता नव्हती असे नव्हे; तोफ क्वचित येई आणि शेजारी नित्य येई.

कॅरिगाफॉइलवर मात्र ती आली. डेझ्मंडच्या अर्लने इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीविरुद्ध केलेल्या बंडात ही गढी बंडवाल्यांच्या बाजूने लढली. आत पन्नासेक आयरिश शिपाई, थोडे परदेशी सैनिक आणि त्यांचा नायक म्हणून एक इटालियन स्थापत्यज्ञ होता. १५८० च्या वसंतात इंग्रज सेनानी सर विल्यम पेलहॅम जमिनीवरून आणि इंग्रजी जहाजे खाडीतून तिच्यावर चालून आली, दोन दिवसांत भिंत फुटली, आणि आतील एकाही माणसाला जीवदान मिळाले नाही. ओफ्लाहर्टींच्या ऑख्नानूरची कथा याहून गुंतागुंतीची आहे. कॉरिब सरोवराजवळ ड्रिमनीन नावाच्या लहान नदीच्या काठी, खडकावर १५०० च्या सुमारास बांधलेली ही सहा मजली गढी १५७२ मध्ये इंग्रज अधिकारी सर एडवर्ड फिटनने घेतली आणि त्याच घराण्यातील, पण इंग्रजांशी जुळवून घेतलेल्या, मरो नावाच्या पुरुषाच्या स्वाधीन केली; म्हणजे जप्ती झाली ती भाऊबंदकीच्याच मार्गाने. तिचे स्वतंत्र मेजवानीगृह पुढे पाण्यात गेले, कारण ज्या नदीवर संरक्षणासाठी भिस्त ठेवली होती तिनेच त्याच्याखालचा खडक पोखरला. आता एकच भिंत उभी आहे, आणि तिच्या खिडक्यांच्या कमानींच्या पोटात कोरलेली द्राक्षवेल, पाने आणि घोस यांसह, अजून ताजी आहे. ज्या देशात द्राक्ष पिकत नाही, तेथील पाथरवटाने ती मद्याच्या पिंपांबरोबर आलेल्या नमुन्यांवरून कोरली असेल काय, हा प्रश्न त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर सुचल्यावाचून राहत नाही.

या घाटाच्या घरांचा अंत तोफेपेक्षा दफ्तराने अधिक केला. सतराव्या शतकात सुखवस्तू माणसाला मोठ्या खिडक्या, भिंतीतील चुली आणि धुराडी हवीशी वाटू लागली होती. क्लेअरमधील लेमानेह येथे १४८० च्या सुमारासच्या अंधाऱ्या गढीला खेटूनच कॉनर ओब्रायनने १६४८ पूर्वी बांधलेला चार मजली, ओळीने खिडक्या असलेला वाडा उभा आहे, आणि दोन शतकांच्या राहणीतील अंतर तेथे एका दृष्टिक्षेपात मोजता येते. हे संक्रमण त्याच्या स्वाभाविक गतीने पूर्ण झाले असते. पण इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या स्वारीनंतर १६५२ च्या कायद्याने कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी सरकारजमा करण्याचे ठरले, अनेकांना शॅननपलीकडे कॉनॉटमध्ये हलविण्याचे हुकूम निघाले, आणि १६५४ ते १६५६ या काळात महालवार पंच बसवून, जबान्या घेऊन, १६४० साली कोणती जमीन कोणाच्या मालकीची होती याची पाहणी झाली. त्या पाहणीच्या नोंदींत गढीमागून गढी येते: एखादी नांदती, एखादी निव्वळ भिंतींचे अवशेष. नव्या सनदा घेऊन आलेल्या मालकांना कड्यासारख्या जिन्यांच्या घरात राहण्याची हौस नव्हती, आणि जुने मालक तेथे राहू शकत नव्हते.

त्या पाहणीची मूळ कागदपत्रे १७११ मध्ये डब्लिनमधील आगीत जळाली. काही परगण्यांच्या नकला वाचल्या. पुढे १९२२ च्या जूनअखेरीस यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातील सरकारी दफ्तरखाना स्फोटाने आणि आगीने उद्ध्वस्त झाला, आणि मध्ययुगीन आयर्लंडची कागदोपत्री स्मृती बहुतांशी नष्ट झाली. गेलिक सरदारांच्या खाजगी राहणीविषयी मुळातच त्रोटक असलेला पुरावा आणखी आटला. त्यामुळे या इमारतींना जे महत्त्व आले आहे, ते सुस्थितीतील दफ्तरे असलेल्या देशांतील भग्नावशेषांना नसते. येथे दालन सर्वांत वर होते हे सांगायला गर्नन आहे. पण दासी कोठे निजत, चूल कोणत्या मजल्यावर होती, मुलगा वयात आला म्हणजे कोणती खोली त्याला मिळे, याची उत्तरे भिंतींनाच विचारावी लागतात.

भिंतीही सावकाश जात आहेत. प्रथम छप्पर जाते, मग तुळया कुजून तक्तपोश्या खाली येतात, आणि तुळया ज्यांवर टेकल्या होत्या ते पुढे काढलेले दगड रिकामे राहतात. त्यानंतर गावकरी येतात. त्यांना हवे असतात घडीव दगड, म्हणून ते कोपऱ्यांचे, दारांचे आणि खिडक्यांचे दगड काढून गोठ्यांना व घरांना लावतात. ज्या गढीचे कोपरे पायथ्याशी खांडलेले दिसतात तिचे दगड जवळच्या शेतघरात शोधावेत. आयव्हीची वेल सांध्यांतील चुना मोकळा करते आणि तीच मोकळा झालेला दगड धरूनही ठेवते, म्हणून ती एकाएकी तोडणे हेही घातकच असते. किल्केनीजवळची क्लारा, जिच्यात ओकाच्या जुन्या तुळया अजून जागेवर आहेत, आणि १९५४ मध्ये लॉर्ड गॉर्टने विकत घेऊन दुरुस्त करविलेली क्लेअरमधील बनरॅटी, हे अपवाद म्हणावे लागतात.

गॉलवेमधील बॅलिलीची गढी कवी येट्सने १९१७ मध्ये ३५ पौंडांना घेतली, दुरुस्त केली, काही उन्हाळे तेथे काढले आणि १९२८ च्या आपल्या काव्यसंग्रहाला तिच्यावरूनच नाव दिले; शेजारची नदी अजूनही पुराच्या वर्षी तिच्या तळमजल्यात शिरते. याच येट्सने पुढे विदर्भात बडनेऱ्यास जन्मलेल्या श्रीपुरोहित स्वामींबरोबर बसून दहा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, आणि स्वामींच्या गुरूंचा मराठीतील कैलासयात्रेचा वृत्तान्त इंग्रजीत आला तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली. तोवर तो गढी सोडून गेला होता, तरी मराठी वाचकाला त्या दूरच्या प्रदेशाशी आपला काही धागा आहे असे वाटावे, यासाठी एवढे पुरे आहे.

अलीकडे संशोधकांनी कमानींच्या चुन्यात अडकून राहिलेल्या तट्ट्यांच्या काड्यांचे कार्बन परीक्षण करून गढ्यांचा काळ ठरविण्यास आरंभ केला आहे. ती फांदी बांधकामाच्याच सुमारास तोडलेली असते, म्हणून तिचे वय म्हणजे जवळजवळ कमानीचे वय. ज्या गढीचा कोणताही कागद उरला नाही, तिचा काळ एका काडीवरून सांगता येतो. तेव्हा ज्या वाचकाला आयर्लंडला जाण्याचा योग येईल त्याला माझी विनंती आहे की त्याने बनरॅटीची सजवलेली दालने अवश्य पाहावीत, पण एखादी ओसाड गढीही पाहावी. ती शेतकऱ्याच्या खाजगी कुरणात असेल तर आधी त्याची परवानगी घ्यावी, वेलीला हात लावू नये, आणि छतातून लोंबणारी वाळकी काडी दिसली तर ती आठवण म्हणून तोडून आणू नये.